ज्ञानाचे चार पाद आणि पिशोरचा विद्यार्थी

बारावीचा निकाल लागतो, घरोघरी पेढे वाटले जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिशोरसारख्या गावच्या बसथांब्यावर महाविद्यालयात निघालेली नवी तरुण मंडळी दिसू लागतात. कोणी कन्नडला, कोणी सिल्लोडला, तर कोणी थेट छत्रपती संभाजीनगरला प्रवेश घेतलेला असतो. वर्ष सरते आणि त्यांतील काही चेहरे थांब्यावरून नाहीसे होतात. पहिल्याच वर्षी विषय राहिले, मन उडाले, शिक्षण सुटले. मुलगा शेतीकडे किंवा मिळेल त्या कामाकडे वळतो आणि मुलीच्या बाबतीत स्थळे पाहण्यास प्रारंभ होतो. मग गावाचा निवाडा ठरलेला असतो : ‘पोराला डोकेच नव्हते.’

हा निवाडा अन्यायकारक आहेच, वस्तुतः तो असत्यही आहे. या मुलांना बुद्धी होती. अभ्यास कसा करावा, हे मात्र त्यांना कोणी शिकविले नव्हते.

मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचा इतिहास फार जुना नाही. निजामाच्या राजवटीत येथील तरुणाला पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे आणि १९१८ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. १९४८ साली हैदराबाद मुक्त झाले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली उभे राहिले. म्हणजे ज्या घरात आज तिसरी पिढी पदवी घेत आहे, अशी घरे या भूमीत मोजकीच असणार. पिशोर परिसरातील कित्येक विद्यार्थी घराण्यातील पहिलेच महाविद्यालयीन विद्यार्थी असतात.

शिकलेल्या घरातील मुलाला एक वारसा न मागता मिळतो. टिपणे कशी काढावीत, परीक्षेच्या किती आधी उजळणी सुरू करावी, प्राध्यापकांना शंका कशी विचारावी, हे तो वडीलधाऱ्यांकडे पाहून शिकतो. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला हे सांगणारे घरात कोणी नसते. शाळेत शिक्षक उत्तरे लिहून देत, तो ती पाठ करी आणि उत्तीर्ण होई. महाविद्यालयात उत्तरे लिहून देणारे कोणी नाही, हे कळेपर्यंत पहिले सत्र संपलेले असते.

या वारशाचे मर्म आपल्या पूर्वजांनी एका जुन्या सुभाषितात सांगून ठेवले आहे. विद्यार्थ्याला ज्ञानाचा एक पाद आचार्यांकडून मिळतो, एक स्वतःच्या बुद्धीने, एक सहाध्यायांकडून आणि उरलेला एक कालांतराने, असा त्याचा आशय आहे. चारांपैकी केवळ एक चतुर्थांश श्रेय गुरूला देणारी ही विभागणी आजच्या विद्यार्थ्यालाही तितकीच मार्गदर्शक आहे.

आचार्यांचा पाद

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता पदवीचा हिशेब श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये होतो. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणे वर्षाचे ४० श्रेयांक आणि त्यांसाठी १२०० तासांचे अध्ययन अपेक्षित आहे. म्हणजेच एका श्रेयांकामागे ३० तास. त्यांपैकी सिद्धांत विषयाचे वर्गातील अध्यापन साधारणतः १५ तासांचे. उरलेले १५ तास विद्यार्थ्याने स्वतः द्यावयाचे आहेत. वर्गात बसलो म्हणजे अभ्यास झाला, हा समज या साध्या गणितापुढे टिकत नाही. आणि वर्गातही न बसणाऱ्याचे काय, याचे उत्तर तर अधिकच स्पष्ट आहे.

येथे दोन सवयी पुरेशा आहेत. पहिली, तासाला जाण्यापूर्वी त्या दिवशीच्या प्रकरणावरून दहा मिनिटे नजर फिरविणे, जेणेकरून शब्द तरी ओळखीचे होतील. दुसरी, आठवड्यातून निदान एक प्रश्न प्राध्यापकांना विचारणे. ग्रामीण विद्यार्थी संकोचाने गप्प राहतो आणि त्या मौनाला लोक अडाणीपणा समजतात. वर्गात धीर होत नसेल तर तासानंतर विचारावे. प्रश्न विचारणारा विद्यार्थी प्राध्यापकांच्या लक्षात राहतो आणि पुढे अडचणीच्या वेळी ती ओळख उपयोगी पडते.

स्वबुद्धीचा पाद

चारही पादांत सर्वाधिक दुर्लक्षित असा हा पाद. बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या लेखी अभ्यास म्हणजे पुस्तक किंवा ‘गाइड’ पुनःपुन्हा वाचणे आणि महत्त्वाच्या ओळी रंगविणे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत बोलका आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. काहींनी तो पुन्हा वाचला आणि काहींनी तो मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, तर न पाहता लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, तेव्हा पुनर्वाचन आणि ओळी रंगविणे या तळाच्या गटात ठरल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराअंतराने करणे, या दोनच पद्धतींना त्यांनी सर्वोच्च स्थान दिले.

हा निष्कर्ष भारतीय मनाला नवा वाटण्याचे कारण नाही. आपल्या पाठशाळांतील पाठांतराची ‘घोकंपट्टी’ म्हणून टिंगल करण्याची फॅशन गेली कित्येक दशके चालत आली आहे. परंतु शिष्य गुरूसमोर पोथी न पाहता म्हणून दाखवी, म्हणजेच रोज स्वतःची परीक्षा देई, ही बाब टीकाकार विसरतात. वेदाध्ययनात पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी तेच शब्द निरनिराळ्या क्रमाने म्हटले जात, त्यामुळे चूक तत्काळ पकडली जाई. जुन्या गावशाळेतील पावकी-निमकीही तोंडीच म्हणावी लागे. आणि केवळ पाठांतरावर ही परंपरा थांबली नाही. श्रवणानंतर मनन आणि मननानंतर निदिध्यासन, असा उपनिषदांचा क्रम आहे. आजचा विद्यार्थी रात्रभर गाइड वाचतो आणि सकाळी उत्तरपत्रिकेत ते ओकतो. ही परंपरा नव्हे, तिचा अपभ्रंश आहे.

म्हणून पद्धत सोपी ठेवावी. वहीचे पान उभे दुभागावे. उजवीकडे टिपणे, डावीकडे त्यांवरील प्रश्न. संध्याकाळी उजवी बाजू झाकून डावीकडील प्रश्नांची उत्तरे द्यावीत, अडेल तेथे खूण करावी आणि उद्या तेवढेच पुन्हा पाहावे. या पद्धतीला मेज लागत नाही, वीज लागत नाही, महागडा क्लासही लागत नाही. हलत्या एस.टी.त पुस्तक वाचता येत नाही हे खरे, परंतु कालच्या तासाला काय झाले ते डोळे मिटून आठवता येते. ज्या प्रवासाला विद्यार्थी वाया गेलेला वेळ समजतो, तोच त्याच्या अभ्यासाचा उत्तम वेळ ठरू शकतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण आणखी एक. विज्ञान शाखेत पाऊल टाकताच इंग्रजी संज्ञांचा पूर येतो आणि विद्यार्थी अर्थ न समजता वाक्ये पाठ करू लागतो. अशा वेळी कल्पना प्रथम मराठीत समजून घ्यावी, स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहावी आणि मग तिच्यासमोर इंग्रजी संज्ञा मांडावी. शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश यासाठीच निर्माण झाले आहेत आणि ते आता भ्रमणध्वनीवर विनामूल्य पाहता येतात. मातृभाषेची लाज बाळगणाऱ्याला परभाषाही नीट येत नाही.

सहाध्यायांचा पाद

एकाच गाडीने जाणारे चार-पाच विद्यार्थी हा तयार अभ्यासगट आहे. आठवड्यातून एकदा प्रत्येकाने एक प्रकरण इतरांना शिकवावे. जे शिकविता येत नाही ते आपल्याला समजलेले नाही, हे तेथेच उघड होते. अट एकच : भ्रमणध्वनी बाजूला. मुलींसाठी असा गट विशेष मोलाचा आहे, कारण एकटीचे जाणे-येणे घरच्यांना चिंतेचे वाटते, तर चौघींचे जाणे-येणे गावाच्या अंगवळणी पडते.

काळाचा पाद

ज्ञानाचा शेवटचा चतुर्थांश काळच देतो, आणि काळाला घाई चालत नाही. जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाउस याने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखविले, की शिकलेले प्रारंभी झपाट्याने विसरले जाते आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. योग्य अंतराने उजळणी केली तर तीच गोष्ट दीर्घकाळ टिकते.

पिशोरच्या शेतकऱ्याच्या मुलाला हे तत्त्व शास्त्रज्ञाने सांगण्याची गरज नाही. अंजना-पळशी प्रकल्पाच्या परिसरातील कोणताही शेतकरी गव्हाला हंगामाचे सारे पाणी एकाच दिवशी देत नाही. पहिले पाणी साधारण एकविसाव्या दिवशी, मुकुटमुळे फुटताना आणि मग पीक मागेल तशा पाळ्या. एकदम दिलेले पाणी वाहून जाते. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेला अभ्यासही असाच वाहून जातो. शिकल्याच्या दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने अशा तीन पाळ्या प्रत्येक प्रकरणाला मिळाल्या, तर परीक्षेपूर्वी जागरणाची वेळ येत नाही.

शेतकरी कुटुंबात हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. कपाशीची वेचणी दिवाळीच्या आगेमागे ऐन भरात येते आणि पहिल्या सत्राच्या परीक्षाही त्याच सुमारास येतात. ‘शेवटच्या महिन्यात करू’ असे म्हणणाऱ्याला तो महिना मिळतच नाही, कारण त्या महिन्यात त्याचे हात शेतात हवे असतात. म्हणून सत्र सुरू होताच शेतीच्या आणि परीक्षेच्या तारखा एकाच कागदावर मांडाव्यात. जेथे दोन्ही कामे एकमेकांवर येतात, तेथील अभ्यास आधीच्या आठवड्यांत वाटून घ्यावा. झोपेचे सहा-सात तास मात्र या हिशेबातून वजा करू नयेत. जे शिकले ते निद्रेतच पक्के होते.

गावाचे कर्तव्य

हे सारे सांगताना व्यवस्थेची जबाबदारी झाकली जाऊ नये. प्राध्यापकांच्या रिक्त जागा, वेळेवर न येणारी बस, लांबणारी शिष्यवृत्ती, हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांचा पाठपुरावा झालाच पाहिजे. परंतु जागा भरेपर्यंत आजच्या विद्यार्थ्याचे पहिले वर्ष थांबून राहत नाही.

म्हणून गावाने आपल्या वाट्याचे काम हाती घ्यावे. मंदिराचा सभामंडप, शाळेची खोली किंवा ग्रामपंचायतीची इमारत संध्याकाळी दोन तास अभ्यासिका म्हणून उघडावी. गावातील पदवीधरांनी आणि निवृत्त शिक्षकांनी जुलै-ऑगस्टमध्ये नव्या विद्यार्थ्यांना अभ्यासाची ही रीत समजावून द्यावी. बापाने वेचणीच्या हंगामात मुलाचे परीक्षेचे आठ दिवस मोकळे ठेवावेत. आईने मुलीचे अभ्यासाचे दोन तास स्वयंपाकघराच्या हाकेपासून राखावेत. आणि पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला तर पुढच्या संधीची तयारी करून घ्यावी, लग्नाची नव्हे. विद्यापीठ अनुत्तीर्णाला पुन्हा संधी देते. घराने ती नाकारू नये.

ज्या भूमीला स्वतःच्या विद्यापीठासाठी स्वातंत्र्यानंतरही दशकभर वाट पाहावी लागली, त्या भूमीच्या लेकरांचे शिक्षण अभ्यासाची रीत ठाऊक नाही एवढ्याच कारणाने सुटावे, यासारखी हानी नाही. ही रीत जाणणारी माणसे आज प्रत्येक गावात आहेत. त्यांनी ती स्वतःपाशी ठेवू नये.