लंडन ते पॅरिस : विमान सव्वा तासाचे, प्रवास साडेपाच तासांचा



आता खेड्यापाड्यांतली मुले-मुलीही शिक्षणासाठी विलायतेला जाऊ लागली आहेत. कुणी लंडनला उतरून पुढे पॅरिसला जायचे म्हणतो. मग घरची मंडळी विचारतात, ही दोन शहरे किती लांब आणि विमानाला वेळ किती? प्रश्न साधा आहे, पण उत्तर अर्धवट समजले तर पुढचे विमान चुकते आणि तिकिटाचे पैसे बुडतात.

लंडन ही इंग्लंडची राजधानी, पॅरिस ही फ्रान्सची. मध्ये इंग्लिश खाडी हा समुद्राचा पट्टा. नकाशावर सरळ रेषेत मोजले तर अंतर सुमारे ३४४ किलोमीटर भरते. विमान ते साधारण सव्वा तासात तोडते.

पण शेतातून भाजी बाजारात नेताना आपण फक्त गाडी पळण्याचा वेळ धरतो काय? तोडणी, भरणी, फाटकावरची रांग, तोलाई, सगळे धरतो. इथेही तसाच हिशेब मांडू.

लंडनचे हीथ्रो विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे २३ किलोमीटर दूर. तिथे पोचायला पाऊण तास. सामानाच्या व पारपत्राच्या तपासणीसाठी दोन तास आधी हजर राहावे लागते. उड्डाण सव्वा तास. पॅरिसचे शार्ल द गोल विमानतळही शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर. उतरणे, तपासणी, सामान घेणे आणि शहर गाठणे यात दीड तास जातो. बेरीज झाली साडेपाच तास!

दुसरा मार्ग रेल्वेचा. समुद्राखालून सुमारे ५० किलोमीटर लांबीचा बोगदा खणलेला असून तो १९९४ साली खुला झाला. त्यातून जाणारी युरोस्टार गाडी जमिनीवर ताशी ३०० किलोमीटरपर्यंत वेग घेते आणि सुमारे २ तास २० मिनिटांत पॅरिसला पोचते. विमानापेक्षा ती कितीतरी हळू. पण ती शहरातच सुटते आणि शहरातच थांबते. तपासणीसाठी तास-सव्वा तास आधी गेले तरी सारा प्रवास चार-साडेचार तासांत उरकतो. हळू चालणारी गाडी आधी पोचते, ती अशी.

आता घड्याळाची गोष्ट. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची छापतात. समजा, लंडनहून विमान सकाळी १० वाजता सुटले, तर पॅरिसच्या घड्याळात ते सव्वाबाराला उतरेल. उलट पॅरिसहून १० वाजता निघालेले विमान लंडनला सव्वादहालाच उतरलेले दिसेल! प्रवास दोन्हीकडे सव्वा तासाचाच. हे ध्यानात न घेता पुढचे तिकीट काढले, तर एका तासाची चूक पदरात पडते.

म्हणून मुलांना तीन गोष्टी सांगून ठेवाव्यात. दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर मध्ये भरपूर वेळ ठेवावा. पहिले विमान उशिरा आले म्हणून दुसरे थांबत नाही. लंडनला एकाहून अधिक विमानतळ आहेत, तेव्हा उतरण्याचा आणि पुढे चढण्याचा विमानतळ एकच आहे ना, ते पाहावे. आणि इंग्लंडचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही. तो वेगळा काढावा लागतो. तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी हे तिन्ही तपासून घ्यावे.