शंभराच्या मालाला पन्नास भाडं

माल कुणाचा, कुठून आला आणि भाडं किती, हे विचारल्याशिवाय आमच्या गाळ्यावर एकही पोतं गाडीवरून खाली उतरत नाही. पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार विभागात दिवाणजी म्हणून सव्वीस वर्षं काढली, हे तीन प्रश्न मी झोपेतसुद्धा विचारीन. त्यामुळे भाच्यानं गेल्या दिवाळीत एक इंग्रजी पुस्तक हातात ठेवलं आणि ‘मामा, तू गोष्टी भारी सांगतोस, हा खेळ तूच चालव’ म्हणाला, तेव्हा मी पहिल्याच पानावर अडलो.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पट नाही, सोंगट्या नसल्या तरी चालतं. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात. सांगणारा म्हणतो, ‘समोर नदी आहे, पूल मोडलाय.’ खेळणारा म्हणतो, ‘मी पोहून जातो.’ जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी १९७४ साली हा खेळ काढला. त्याच १९७४ साली पुण्यात हमाल पंचायतीनं ‘कष्टाची भाकर’ हे जेवणाचं केंद्र सुरू केलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण आमचा खेळ आमच्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर चालतो आणि मध्यंतरात भाजी-भाकरी तिथूनच येते, म्हणून मला हा योग आवडतो.

पुस्तक होतं नवख्यांसाठीचं. २०१४ साली निघालेल्या सुरुवातीच्या खोक्यातलं, ‘लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर’. जगभर लाखो लोक यावरच हा खेळ शिकले असतील. कथा अशी की गंड्रन नावाचा एक बुटका तुम्हाला काम देतो. नेव्हरविंटर शहरातून फॅन्डालिन नावाच्या खेड्यात दोन बैलांची गाडी पोचवायची. गाडीत डझनभर पोती पीठ, खारवलेल्या मांसाची पिंपं, दारूची दोन पिंपं, कुदळी, फावडी, पहारी, पाच कंदील आणि तेलाचं एक पिंप. सगळ्या मालाची किंमत १०० मोहरा. पोचवणाराला प्रत्येकी १० मोहरा, आणि खेळणारे पाच.

म्हणजे शंभराच्या मालाला पन्नास भाडं!

आमच्याकडे असा हुंडेकरी आला तर शेठ त्याला आधी पाणी पाजतील आणि मग हळूच गाडी पुन्हा मोजायला सांगतील. पण मी गप्प बसलो. म्हटलं, परक्या मुलखातला व्यवहार, असेल तिकडे तसं. पुस्तकात चौकटीत छापलेलं जसंच्या तसं मराठीत करून वाचत गेलो.

तो पहिला खेळ पार फसला आणि दोष सगळा माझा. गाडी निघाली, रस्त्यात दोन घोडे मरून पडलेले, झुडपातून चार गॉब्लिन धावून आले. दहा मिनिटांत पाचपैकी तीन वीर आडवे. चहाच्या टपरीवाल्यांचा दहावीतला मुलगा जादूगार झाला होता. बिचाऱ्याचा एक मंत्र म्हणून व्हायच्या आत बाण लागला. ‘काका, मी मेलो का? मग मी चहा घेऊन येतो,’ म्हणाला आणि गेला तो परत वर आलाच नाही. रात्री घरी पान पुन्हा वाचलं तर खाली लिहिलेलं : खेळाडू हरले तर गॉब्लिन त्यांना बेशुद्ध टाकून लुटून निघून जातात. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. रोजकीर्दीत एक ओळ चुकली तर पहाटेपर्यंत बसणारा माणूस मी, आणि इथं पोरं मारून बसलो.

दुसऱ्या खेपेला खेळ सावरला तो तोलणारांच्या मुलीनं. तिचे आजोबा याच यार्डात हमाल होते, वडील काट्यावर असतात, ती अकरावी कॉमर्सला. तिच्या वाट्याला तलवारवाला योद्धा आला होता. मी गाडीचा माल वाचून दाखवला आणि ती म्हणाली, ‘काका, एवढं भाडं कुणी देतं का? गाडीत दुसरं काहीतरी आहे.’

झालं. पाचही जण पोती उसवायला निघाले. पीठ चाळलं, पिंपांचे तळ ठोकून बघितले, बैलांच्या गळ्यातले पट्टेसुद्धा तपासले. पुस्तक त्या आकड्याकडे पुन्हा वळून बघत नाही. गंड्रनला जुन्या खाणीचा ठावठिकाणा लागलाय आणि तो खुशीत आहे, एवढंच. पण माझ्या समोर पाच पोरं डोळे मोठे करून बसली होती, म्हणून मी तिथल्या तिथं अकराव्या पोत्यात पिठाखाली लोखंडी पेटी ठेवली. पेटीत काय आहे हे त्या क्षणी मलाही माहीत नव्हतं.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय आणि त्याचसाठी हा लेख. नवख्यांसाठी साहसकथा सुधारायची म्हटलं की लोक तिच्यात भर घालतात. आणखी एक राक्षस, आणखी एक भाकीत, आणखी एक हरवलेलं साम्राज्य. खुद्द खेळ छापणाऱ्या कंपनीनं २०२३ साली हीच कथा वाढवून नवं जाडजूड पुस्तक काढलं, तेव्हा त्यात मेंदू खाणारे प्राणी आणले. मला तो उपाय पटत नाही. कथा लंगडते ती हिशेबात. पैसे कोण देतंय, नुकसान कुणाचं होतंय आणि हा मधला माणूस कशावर जगतो, हे नीट लावलं की गोष्ट आपली आपण चालते. नवखं पोर जादूचे नियम विसरेल. पण शंभराला पन्नास भाडं म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे त्याला शिकवावं लागत नाही.

या पुस्तकात अशा जागा आहेतही, मात्र त्यांच्याकडे कुणी बघत नाही. गॉब्लिनांच्या गुहेत क्लार्ग नावाचा म्होरक्या असतो. त्याच्या मागं चोरीचा माल रचलेला असतो आणि त्या पोत्यांवर निळ्या सिंहाचा छाप. तो एका व्यापारी पेढीचा मार्का. माल परत पोचवला तर ५० मोहरा बक्षीस. बरेच जण म्होरक्याला मारतात, सोनं खिशात घालतात आणि पुढं जातात, पोती तिथंच. आमच्या पोरांनी काय केलं? सगळ्यात आधी मार्का बघितला. कुठल्या पेढीचा, माल कुठून निघाला, बारदान नवं की जुनं. जुन्या बारदानावर दोन मार्के असतात, एक खोडलेला. हे टपरीवाल्यांच्या मुलानं सांगितलं (हो, तो परत आला, मीच जाऊन माफी मागितली). मग मीही त्या निळ्या सिंहाखाली पुसट काळा कोळी काढला.

कारण या कथेतला खरा खलनायक ‘काळा कोळी’ आहे, आणि कथेची सगळ्यात मोठी खोट तिथंच आहे. त्याचं नाव सुरुवातीपासून कानावर येतं, पण तो स्वतः बसलाय शेवटच्या गुहेत. चार-पाच महिने खेळल्यावर पोरं त्याच्यापुढं उभी राहतात आणि त्यांना त्याच्याविषयी ना राग ना लोभ. मी त्याला उचलून पहिल्याच दिवशी आणलं. फॅन्डालिनच्या बाजारात त्याचा गाळा आहे. गोड बोलतो, पोरांना चहा पाजतो, अडल्यानडल्याला उचल देतो. गॉब्लिनांनाही त्यानंच उचल दिलीय, ती फिटत नाही म्हणून ते गाड्या अडवतात. हे बदलायला एकही नवा राक्षस लागला नाही.

भाच्याला हे मान्य नाही. तो म्हणतो, ‘मामा, हे मार्केट यार्डच झालं की! घरी येऊन तुझ्या तोंडून यार्डच ऐकायचं तर ड्रॅगन कशाला?’ त्याचं अगदीच खोटं नाही. तिसऱ्या खेपेला मी आडत, तोलाई, हमाली, वाराई असा सगळा पट्टीचा तपशील गोष्टीत घातला आणि दोन पोरं जांभया द्यायला लागली. तेव्हा एक सीमा पाळायला शिकलो : मुलूख नवलाचा हवा, व्यवहार ओळखीचा हवा. ओसाड गावातला हिरवा ड्रॅगन मी जसाच्या तसा ठेवलाय. त्याच्याशी कुणी भाव करू नये.

भाव कुठं करायचा ते पुस्तकातच आहे. गॉब्लिनांच्या त्याच गुहेत यीमिक नावाचा दुय्यम गॉब्लिन असतो. सिल्डर नावाचा कैदी त्याच्या ताब्यात. यीमिकला क्लार्गचं डोकं हवंय आणि कैद्याच्या बदल्यात मोहराही. पुस्तकात हे एका परिच्छेदात उरकलंय. मी खांद्यावरचा पंचा काढला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि तोलणारांच्या मुलीला म्हटलं, ‘बोल, काय देतेस?’

जुन्या माणसांना कळलं असेल. रुमालाखाली बोटं धरून भाव करायची ही पद्धत. धरलेली बोटं दहा की शंभर हे आधी बोलून ठरवायचं, पुढं फक्त बोटं दाबायची, चेहरा कोरा ठेवायचा. शेजारी उभ्या शेतकऱ्याला आपल्याच मालाचा आकडा कळायचा नाही, म्हणून तर उघड लिलावाचा नियम आला. तिनं हे घरी आजोबांकडून ऐकलं होतं, पण हात कधी घातला नव्हता. मी तिची तीन बोटं दाबली. तिनं एक. मी चार केली, तिनं हात सोडून उठल्यासारखं केलं. बाकीचे चौघं पंच्याकडे असे बघत होते, जणू खाली साप आहे. दोनवर सौदा पटला. ‘काय ठरलं?’ भाच्यानं विचारलं, तर ती म्हणाली, ‘ते आमच्यातलं.’ त्या संध्याकाळी फासा एकदाही टाकला नाही.

फाशाचंही सांगतो. आम्ही तो नमुन्याच्या थाळीत टाकतो, ज्यात गिऱ्हाइकाला धान्य दाखवायचं त्या. एकदा तो उडून उघड्या पोत्यात पडला, काबुली हरभऱ्याच्या. हरभरा आणि वीस बाजूंचा पांढरा फासा साधारण एकाच रंगाचे. पाचजणांनी अर्धा तास पोतं चाळलं. शेवटी खाली थप्पी लावणारे मामा वर आले, दोन मुठी भरून घेतल्या, दुसऱ्या मुठीत फासा. ‘दाणा नाय हा,’ म्हणाले आणि खाली गेले.

आणि एक आकडा. खेळात प्रत्येकाच्या कागदावर ताकदीचा आकडा असतो. त्याला १५ नं गुणलं की तो किती पौंड ओझं वाहील ते येतं. तिच्या योद्ध्याची ताकद १६. म्हणजे २४० पौंड, सुमारे १०९ किलो. मी हे मोठ्या थाटात सांगितलं, वाटलं ती खूश होईल. ती म्हणाली, ‘एवढंच? आजोबा क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे. दिवसभर.’ क्विंटलचं पोतं जाऊन पन्नास किलोंचं यावं म्हणून हमालांना किती भांडावं लागलं, ते आजोबांनी तिला सांगितलेलं आहे. तिनं आपल्या योद्ध्याचं इंग्रजी नाव खोडून तिथं आजोबांचं नाव लिहिलं. मी हरकत घेतली नाही. कुठल्या तोंडानं घेणार?

हा खेळ मराठीत आणावा असं म्हणणारे लोक आता अधूनमधून भेटतात. त्यांच्या मनात पहिला विचार भाषांतराचा असतो. नेव्हरविंटरला ‘शिशिरविहीन नगर’ म्हणायचं का, यावर एकानं माझ्याशी तासभर वाद घातला. मला वाटतं, नाव राहू दे तसंच, गाडीत काय भरलंय ते बदला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा होता, म्हणून आम्हा यार्डाच्या आसपास वाढलेल्या पोरांना तो खरा वाटायचा. फुरसुंगी इथून सायकलनं गाठता यायची. त्याच्या करामती मग कितीही अचाट असोत, आम्ही मानून घेतल्या. नवख्यांच्या साहसकथेला अशी एक फुरसुंगी लागते. ती कोल्हापूरच्या पोरांसाठी गुळाच्या बाजारात सापडेल, लासलगावच्या पोरांसाठी कांद्याच्या लिलावात. ते त्या त्या गावच्या मामानं शोधावं.

आता माझी अडचण वेगळीच आहे. गेल्या खेपेला पोरं काळ्या कोळ्याच्या गाळ्यात शिरली. मी तयारी करून ठेवली होती : पहारेकरी, विषारी सुई, तळघराचा जिना. पण तोलणारांची मुलगी त्याच्या गादीसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, ‘शेठ, वही दाखवा.’

वही माझ्याकडे नव्हती. खेळ तिथंच थांबवला, पुढच्या सुट्टीवर टाकला. काल शटर ओढल्यावर एकटाच बसलो, लाल कापडी बांधणीची एक कोरी वही काढली आणि काळ्या कोळ्याचे हिशेब लिहायला घेतले. गॉब्लिनांची उचल, व्याज, नेव्हरविंटरहून आलेली गाडी. पीठ, निघाली पोती बारा, उतरली अकरा. समोरच्या रकान्यात ‘तूट’ लिहिलं. मग विचार केला, हा माणूस हुशार आहे, तो ‘तूट’ लिहिणार नाही. खोडलं आणि बारीक अक्षरात लिहिलं, ‘वाटेत भिजलं.’