निवृत्तीनंतरचे औषधपाणी



बंगळूरच्या राजाजीनगरात ई.एस.आय.चे मोठे रुग्णालय आहे, त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. हुबळी-बेळगावकडून बदलीवर बंगळूरला गेलेल्या आपल्या मराठी रेल्वे बांधवांना त्याचे काम सहसा पडत नाही, कारण त्यांना रेल्वेचे स्वतःचे रुग्णालय आहे. पण त्यांच्याच स्थानकावर डबे धुणारा, फलाट झाडणारा, पार्सल उचलणारा कंत्राटी कामगार आजारी पडला, तर त्याची वाट राजाजीनगरकडे जाते. एकाच फलाटावर घाम गाळणाऱ्या दोघांचे दवाखाने वेगळे, आणि म्हातारपण तर त्याहून वेगळे.

आपले आधी पाहू. रेल्वे कर्मचाऱ्याने निवृत्त होताना आर.ई.एल.एच.एस. योजनेत नाव नोंदवून एकरकमी वर्गणी भरायची असते. सर्वसाधारण अट २० वर्षांच्या सेवेची. टपालातील बांधवांची गोष्ट निराळी. नोकरीत असताना ज्या १९४४ च्या नियमांखाली दवाखान्याची बिले मंजूर होतात, ते नियम पेन्शनरला लागूच नाहीत. त्याने सी.जी.एच.एस.चे कार्ड काढायचे, वर्षाची वर्गणी भरून किंवा १० वर्षांची एकदम भरून कायमचे. योजनेच्या क्षेत्राबाहेर गावी राहायला गेला, तर निश्चित वैद्यकीय भत्ता. हा भत्ता जुलै २०१७ मध्ये ५०० वरून १,००० रुपये झाला. त्यानंतर औषधांचे भाव कुठे गेले, ते घरात मधुमेहाचा रुग्ण असणाऱ्याला सांगायला नको. ग्रामीण डाक सेवकाला तर हे दोन्ही दरवाजे बंद आहेत, आणि आमच्या मते टपाल खात्याच्या कारभारातील हा सर्वांत लाजिरवाणा भाग आहे.

आता राजाजीनगरच्या वाटेवरचा माणूस. ई.एस.आय.मध्ये किमान पाच वर्षे विमेदार राहून जो वयोमानानुसार निवृत्त होतो, त्याला व त्याच्या पत्नीला (किंवा पतीला) पुढेही औषधोपचार मिळावा, अशी तरतूद १९५० च्या नियमांत झाली. वर्गणी महिना १० रुपये, वर्षाचे १२० एकदम आगाऊ. कामावर असताना अपघात होऊन कायमचे अपंगत्व आले व नोकरी सुटली, तर त्यालाही याच दराने उपचार, निवृत्तीचे वय होईल त्या तारखेपर्यंत. १२० रुपयांत दोन म्हाताऱ्या जीवांचा वर्षभराचा दवाखाना! एवढा स्वस्त हक्क या देशात कामगाराला दुसरा मिळणे कठीण.

मग तो त्याच्या पदरात का पडत नाही? पहिली अडचण, निवृत्तीचा पुरावा मागतात. आपल्याला निवृत्तीचा आदेश मिळतो, हार-तुरे मिळतात. कंत्राटी कामगाराला मुकादम एक दिवस सांगतो, उद्यापासून येऊ नको. हे कोणत्या कागदावर दाखवायचे? दुसरी अडचण पाच वर्षांची. ठेकेदार बदलतो, नवा ठेकेदार जुना विमा क्रमांक विचारत नाही, नवीनच नोंद करतो. माणूस त्याच झाडूने तोच फलाट झाडत असतो, पण कागदावर त्याची वर्षे दोन-तीन क्रमांकांत विखुरतात.

तिसरी अडचण सरकारनेच निर्माण केली आहे. ई.एस.आय.ची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१,००० रुपये झाली (अपंग कामगारांसाठी २५,०००). ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने बंगळूरसारख्या 'अ' वर्गातील शहरांत अकुशल कामगाराचे किमान वेतन महिना २०,३५८ आणि अर्धकुशलाचे २२,५६८ रुपये ठरवले. म्हणजे किमान वेतन प्रामाणिकपणे दिले, तर अर्धकुशल कामगार २१,००० च्या रेषेबाहेर! पगारवाढीची शिक्षा म्हणून दवाखाना जातो, हा न्याय कुठला? महामंडळालाही हे थोडे उमगलेले दिसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने अट सैल केली: १ एप्रिल २०१२ नंतर विमेदार असलेला, पाच वर्षे भरलेला, पण मर्यादा ओलांडल्याने बाहेर पडलेला कामगार १ एप्रिल २०१७ नंतर ३०,००० पर्यंतच्या पगारावर निवृत्त झाला असेल, तर त्यालाही उपचार मिळावेत. हा निर्णय किती जणांच्या कानांवर गेला आहे?

अपंगांच्या बाबतीत नियम फारच कोता आहे. पार्सलच्या गाडीखाली पाय सापडला तर उपचार. अर्धांगवायूने तोच पाय गेला, तर या तरतुदीत जागा नाही. शिवाय नोकरीत असताना अपंग मूल कुटुंबात धरले जाते, निवृत्तीनंतर फक्त पती-पत्नी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे. तीत वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, वयाची अट नाही. अशा घरांनी ती जरूर घ्यावी.

सत्तरीपुढील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान योजनेतून ५ लाखांचे संरक्षण सुरू झाले. ई.एस.आय.वाल्याला दोन्ही ठेवता येतात, सी.जी.एच.एस.वाल्याला एकच निवडावे लागते. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येते, रोजच्या गोळ्यांना नाही. आणि साठीपासून सत्तरीपर्यंतची दहा वर्षे मोकळीच राहतात. त्या दहा वर्षांना १२० रुपयांची पावतीच आधार आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये १९४८ चा विमा कायदा जाऊन सामाजिक सुरक्षा संहिता आली. निवृत्तांच्या उपचारांची तरतूद तिच्यातही आहे, परंतु वर्गणी व अटी नियमांवर सोपवल्या आहेत. दहा रुपयांचे शंभर व्हायला राजपत्रातील एक ओळ पुरते, तेव्हा डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल.

शाखा सचिवांना विनंती अशी. आपल्या स्थानकावर, यार्डात व कार्यालयात येत्या वर्षभरात साठी गाठणाऱ्या कंत्राटी बांधवांची यादी करावी, प्रत्येकाचे सर्व विमा क्रमांक लिहून घ्यावेत, ते एकत्र करण्याचा अर्ज द्यावा आणि कामावरून कमी होण्याच्या दिवशी वयाचा उल्लेख असलेले पत्र ठेकेदाराकडून घ्यावे. ठेकेदार टाळाटाळ करील तर मुख्य मालक म्हणून रेल्वे व टपाल प्रशासनाला लेखी विचारावे. याद्या व अर्जांच्या प्रती मध्यवर्ती कार्यालयाकडे पाठवाव्यात. पुढील बैठकीत हा विषय त्यांच्यासह मांडण्यात येईल.