अदृश्य प्रकाश, दृश्य मक्तेदारी

इंडोसायनिन ग्रीन या रंगद्रव्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९५९ साली मान्यता दिली. शिरेतून दिलेल्या या द्रव्यावर ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश पडला की ते स्वतः प्रकाशू लागते. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही; परंतु रक्त आणि पाणी त्याला फारसे अडवीत नसल्याने काही मिलिमीटर खोलवरची पित्तनलिका कॅमेऱ्यात उजळते, जोडलेल्या आतड्याला रक्त पोहोचते की नाही तेही कळते.

असे तंत्र गरिबांच्या रुग्णालयाला परवडणारे नाही, असा युक्तिवाद केला जातो. मग महाग आहे तरी काय? रंगद्रव्य जुने आहे. साध्या कॅमेऱ्यातील सिलिकॉनचा संवेदकही हा प्रकाश टिपू शकतो. तो टिपला जाऊ नये म्हणून त्यावर गाळणी बसविलेली असते! निर्जंतुकता आणि अचूकता यांना खर्च लागतो, हे मान्य. पण बंदिस्त यंत्रणेची किंमत म्हणजे विज्ञानाची किंमत नव्हे.

सार्वजनिक संशोधनसंस्थांनी अशी यंत्रे घडवावीत, त्यांचे आराखडे खुले ठेवावेत आणि ती प्रथम जिल्हा रुग्णालयांत पोहोचवावीत, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. शल्यविशारदाला काय दिसावे, हे रुग्णाच्या खिशाने ठरविता कामा नये.