माळ्यावरची कॅसेट



वर्षावास सुरू होण्यापूर्वी घर झाडून-पुसून घ्यावे म्हणून परवा माळा रिकामा केला. जुन्या लग्नपत्रिका, मोडका कंदील आणि एक बुटाचा खोका निघाला. खोक्यात २३ कॅसेट होत्या. दहावीतली लेक जवळ आली आणि म्हणाली, "बाबा, यात पाहिजे ते गाणं शोधायचं कसं?" मी पेन्सिल घातली आणि रीळ फिरवून दाखवले. तिला हसू आले. माझे मन मात्र तीस-बत्तीस वर्षे मागे गेले.

१९९२ साली मी आठवीत होतो. तेव्हा आपल्या शहराचे नाव औरंगाबाद होते. पानटपरी असो की रिक्षा, जिकडे तिकडे 'आशिकी' चित्रपटाची गाणी वाजत. हा चित्रपट १९९० चा, पण गाणी काही उतरायला तयार नव्हती. टी-सीरिजने स्वस्त कॅसेट काढल्यामुळे गाणे गरिबाच्या घरात आले होते. त्याच स्वस्ताईमुळे आपल्या गायकांचीही गाणी बाजारात आली, हे विसरता येणार नाही. पूर्वी तबकडी निघणे ही भाग्याची गोष्ट होती. कॅसेट आली आणि भीमगीतांचा दर जयंतीला नवा संच निघू लागला.

आमच्या घरात मात्र वेगळेच सूर होते. आमचे अण्णा दिवसा हमाली करीत आणि रात्री वस्तीतल्या गायन पार्टीत ढोलकी वाजवीत. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे ही आमच्या घरची दैवते नव्हेत, घरची माणसेच होती. देशवंडीच्या वामनदादांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी. तरी त्यांनी हजारो गाणी लिहिली. प्रल्हाददादांचा आवाज तर विठ्ठलाच्या गाण्यातही तेवढाच खुले आणि बाबासाहेबांच्या गाण्यातही.

आता एक कबुली द्यायची आहे. एकदा वर्गात सरांनी प्रत्येकाला आवडीचे गाणे विचारले. माझ्या ओठावर भीमगीत होते. पण आजूबाजूला पाहिले आणि मी 'आशिकी'तले गाणे सांगितले. ते गाणे मला आवडत नव्हते असे नाही. पण मी ते आवडीने सांगितले नाही, भीतीने सांगितले. भीमगीताचे नाव घेतले की आपली वस्ती, आपली जात सगळ्यांना कळेल ही ती भीती. शेजारच्या मुलाने ही गोष्ट घरी सांगितली. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी मला तीच चाल गुणगुणायला लावली आणि ढोलकीवर ठेका धरला. महिन्याभरात त्या चालीवर वस्तीतल्या एका कवीने बाबासाहेबांचे गाणे बांधले! आपल्या गायन पार्ट्यांची ही जुनीच रीत. लोकांच्या तोंडी असलेली चाल घ्यायची आणि तिच्यातून विचार घरोघर पोहोचवायचा. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशांनी हेच काम केले होते. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्यांचे वर्तमानपत्र म्हणजे जलसा.

१४ जानेवारी १९९४ ला मी नववीत होतो. विधिमंडळाने १९७८ साली ठराव केला होता. त्यानंतर सोळा वर्षांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. त्या रात्री आमच्या गल्लीत गायन झाले. पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे ही शहिदांची नावे मी प्रथम ऐकली ती अशाच गायनात. शाळेच्या कोणत्याही पुस्तकात ती नव्हती. पहाटेपर्यंत बायाबापड्या बसून होत्या. कोणाच्या डोळ्यांत पाणी, कोणी टाळ्यांचा ठेका धरलेला. मीही त्या रात्री उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर कोरसमध्ये गायलो. शाळेत जे जमले नव्हते ते तिथे जमले. एकाने टेपरेकॉर्डर आणून ते गायन भरून घेतले होते.

ती कॅसेट या खोक्यात निघाली. वर फक्त 'गायन, १४-१-९४' एवढेच लिहिलेले. फितीवर पांढरी बुरशी. एका जुन्या रेडिओ मेकॅनिकने ती जपून साफ केली आणि वाजवली. एक बाजू खरखरत का होईना, लागली. अण्णांची ढोलकी ऐकू आली. अण्णांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. आई कान देऊन ऐकत होती. पाच गायकांपैकी तिने तिघांना आवाजावरून ओळखले. दोघांची नावे काही केल्या आठवेनात. दुसरी बाजू तर कायमची गेली. आणि त्या रात्रीचे सर्वांत सुंदर गाणे कोणी लिहिले, हे सांगणारे आता कोणीही उरलेले नाही.

मी कारकून माणूस. आमच्याकडे ज्याची नोंद नाही ते झालेच नाही असे धरतात. आपल्या गाण्यांचे तसे होऊ द्यायचे काय? वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले. त्यांची गाणी टिकली, कारण ती छापली गेली, भरली गेली. शाहीर विलास घोगरे १९९७ साली गेले. त्यांचा आवाज आज ऐकू येतो, कारण आनंद पटवर्धन यांनी तो चित्रपटात टिपून ठेवला होता. गल्लीतल्या कवीकडे कोण गेले?

आजच्या पोरांना दोष देऊन भागणार नाही. आपल्याच शहरातील कडूबाई खरात एकतारीवर गातात आणि त्यांचा आवाज मोबाईलवरून घरोघर पोहोचला आहे. साधन आपल्या हातात आहे, कमी आहे ती आपल्या कष्टाची.

म्हणून विनंती अशी. घरात जुन्या कॅसेट असतील तर भंगारात देऊ नका. बुरशी आलेली फीत लगेच वाजवू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या. साठ मिनिटांची कॅसेट संगणकावर उतरवायला साठ मिनिटेच लागतात, एक रविवार पुरेसा आहे. आणि आपल्या आईला, आजीला शेजारी बसवा. कोण गातो, कोणी लिहिले, ढोलकीवर कोण, हे सारे वहीत लिहून घ्या. फीत थोडी थांबेल, पण माणसे थांबत नाहीत.

माझ्या लेकीने ते गायन मोबाईलवर उतरवून घेतले आहे. परवा तिच्या मैत्रिणी आल्या होत्या. तिने त्यांना मोठ्या आवाजात ऐकवले आणि सांगितले, "ढोलकीवर माझे आजोबा आहेत." मला जे आठवीत सांगता आले नाही, ते तिने सहज सांगितले.

जयभीम! नमो बुद्धाय!