पाच-शून्य झालं त्या रात्री



मागच्या वेळी पापड-कुरडयांवर लिहिलं होतं, त्यावर तुमचे भरपूर निरोप आले. आज मात्र विषय फुटबॉलचा आहे. हसू नका. शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा हा आपला विषय आहे की नाही.

पाडव्याची आदली रात्र, 29 मार्च. मी दुसऱ्या दिवशीच्या पुरणासाठी डाळ निवडत बसले होते. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे साडेसातचा सामना आम्हाला फार सोयीचा पडतो. शेजारी त्या वेळी तवा तापत असतो आणि आमची भांडी घासून पालथी झालेली असतात. चिरंजीव नुकताच बारावीच्या परीक्षेतून सुटलेला, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून मुंबई सिटीचा सामना बघत होता. सामना बंगळुरूला, बाद फेरीचा. हरलं की हंगाम संपला. तिसरा गोल झाला तसा त्याने मोबाइल पालथा घातला. थोड्या वेळाने पुन्हा उलटा करून पाहिला, तर पाच-शून्य.

"आई, या कोचला काढायलाच पाहिजे. आजच्या आज."

मी म्हटलं, "मागच्या वर्षी याच माणसाचा फोटो तू कपाटाला चिकटवला होतास ना रे?"

तो काही बोलला नाही, पण मला रात्रभर ते डोक्यात राहिलं. त्याला कारणही होतं, ते पुढे सांगते.

आधी थोडी माहिती, म्हणजे आपण सगळ्या एका पानावर येऊ. मुंबई सिटी हा आपल्या शहराचा इंडियन सुपर लीगमधला संघ. घरचे सामने अंधेरीच्या मैदानात होतात. मीरा रोडहून स्लो लोकलने जाऊन मुलं रात्री उशिरा परत येतात, आणि आयांचे डोळे घड्याळाकडे लागलेले असतात. इंग्लंडमध्ये ज्याला मॅनेजर म्हणतात त्याला आपल्याकडे कोच म्हणतात. 2024-25 च्या हंगामातले कोच पेत्र क्राटकी, चेक देशाचे. आधीचे डेस बकिंगहॅम हंगाम चालू असताना नोव्हेंबर 2023 मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्ड क्लबला गेले, आणि डिसेंबरमध्ये क्राटकींनी अर्धवट शिजलेलं भांडं हातात घेतलं. तरी संघ गुणतालिकेत दुसरा आला. 4 मे 2024 ला कोलकात्यात, समोरच्यांच्याच मैदानात, मोहन बागानला 3-1 हरवून कप आणला. फोटो कपाटाला लागला तो तेव्हा.

2024-25 च्या हंगामात संघ 36 गुणांवर सहावा. बाद फेरीत जेमतेम शिरला, तेही शेवटच्या साखळी सामन्यात याच बंगळुरूला याच मैदानात 2-0 हरवून. तो सामना 11 मार्चचा. अठरा दिवसांत त्याच गवतावर त्याच दोन संघांत 2-0 चं 0-5 झालं. आता मला सांगा, कोच अठरा दिवसांत बिनडोक झाला का?

मुलगा म्हणतो, आई तुला कळत नाही. खरंच फार कळत नाही. पण घर चालवणाऱ्या बाईला एक गोष्ट कळते, की पोळी कच्ची राहिली तर लाटणारीला बोलण्याआधी पीठ कुठलं आणि गॅस किती होता ते बघावं. 2024 मध्ये कप जिंकणाऱ्या संघातले पेरेरा डियाझ, नोगेरा आणि आपला मुंबईकर राहुल भेके हे तिघेही उन्हाळ्यात बंगळुरूला गेले. मधल्या फळीचा कणा असलेला अपुइया मोहन बागानला गेला. म्हणजे पाच गोल ज्यांच्याकडून खाल्ले त्यांच्या घरात आपलीच माणसं होती. खेळाडू कुणाला ठेवायचं आणि कुणाला किती पैसे द्यायचे हे एकटा कोच ठरवत नाही, ते क्लबचे मालक ठरवतात. सुनेच्या हातचं बिघडलं म्हणून तिला बोल लावायचा आणि डबे कुणी रिकामे केले ते विचारायचं नाही, असं आपण आपल्या घरात किती वेळा पाहिलंय!

मुलाला मी त्याच्याच क्लबची जुनी गोष्ट शोधून दाखवली. पाच-शून्य हा आकडा मुंबईला नवा नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये गोव्यानेही मुंबईला 5-0 हरवलं होतं. कोच होते पोर्तुगालचे जॉर्ज कॉश्टा, मुंबईतलं त्यांचं पहिलंच वर्ष, हंगाम नुकता सुरू झालेला आणि घरच्या पहिल्याच सामन्यात जमशेदपूरकडून हार झालेली. क्लबने त्यांना हलवलं नाही. त्याच वर्षी 16 डिसेंबरला मुंबईने केरळ ब्लास्टर्सला 6-1 हरवलं, त्यात मोदू सूगू या एकट्या खेळाडूचे चार गोल. आणि गंमत बघा, त्या सामन्यानंतर दोन दिवसांतच केरळचे कोच डेव्हिड जेम्स यांचं जाणं ठरलं. एक क्लब पाच गोल खाऊन थांबला, दुसरा सहा गोल खाऊन थांबला नाही. मुंबई त्या हंगामात तिसरी आली, उपांत्य फेरीत गेली. केरळ शेवटून दुसरं राहिलं.

इथेच थांबले असते तर लेख छान झाला असता, श्रद्धा ठेवा म्हणजे फळ मिळतं वगैरे. पण ते खरं नाही. त्याच 2018-19 च्या हंगामात चेन्नईचा संघ आदल्या वर्षीचा विजेता असूनही नऊ गुणांवर तळाला गेला. त्यांनी जॉन ग्रेगरींना ठेवलं, अगदी विश्वासाने. पुढच्या हंगामातही सुरुवात तशीच रडत. अखेर नोव्हेंबर 2019 मध्ये ग्रेगरी गेले, डिसेंबरात ओवेन कॉइल आले, आणि तोच संघ मार्चमध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. म्हणजे तिथे विश्वास ठेवणं हीच चूक होती, किंवा निदान फार लांबलेली गोष्ट होती. कॉश्टांनाही मुंबईने दुसरं वर्ष दिलं, त्यात पहिल्या चारांत जागा मिळाली नाही आणि मार्च 2020 मध्ये त्यांचा निरोप झाला.

मग श्रद्धा ठेवायची की नाही?

आपल्या रत्नकरंड श्रावकाचारातल्या सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांच्या कथा आठवा. पहिल्या अंगाची कथा अंजन चोराची. झाडाला एकशे आठ दोऱ्यांचं शिंकं, खाली टोकं वर करून रोवलेली शस्त्रं, आणि मंत्र म्हणत एकेक दोरी कापायची. माळी शिंक्यात चढतो, खाली बघतो, उतरतो. पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो. अंजन येतो, शेठजींच्या वचनावर निःशंक होऊन सगळ्या दोऱ्या एकदम कापतो आणि त्याला विद्या सिद्ध होते. मला कितीतरी क्लब त्या माळ्यासारखे दिसतात. कोच आणायचा, दोन सामने हरले की उतरायचं, नवा आणायचा. मुंबईनेही सुरुवातीच्या तीन वर्षांत तीन कोच केले. 2014 ला पीटर रीड, 2015 ला खेळाडूच कोच असलेला निकोला अनेल्का, 2016 ला गिमारायस. तिसऱ्यांनी संघ साखळीत पहिला आणला खरा.

पण चौथ्या अंगाची कथा रेवती राणीची आहे, आणि ती आपण बायका जरा कमी सांगतो. तिच्या गावात क्षुल्लक महाराज नाना रूपं घेऊन येतात, सगळं नगर दर्शनाला धावतं. शेवटी तर पंचविसावे तीर्थंकर आले म्हणून लोक लोटतात. रेवती जात नाही. तीर्थंकर चोवीसच होतात हे तिला माहीत असतं. तिच्या श्रद्धेला डोळे होते. अंजनाची निःशंकता आणि रेवतीची अमूढदृष्टी एकाच सम्यग्दर्शनाची अंगं आहेत, त्यातलं एक घेऊन दुसरं टाकता येत नाही.

म्हणून क्राटकींच्या बाबतीत माझं मत असं. त्यांना ठेवावं. पण कप आणला होता म्हणून नव्हे, ते तर गेल्या वर्षीचं लोणचं झालं. ठेवावं अशासाठी की यंदाच्या घसरणीचं मोठं कारण उघड दिसतंय, ते कोचच्या बाहेरचं आहे आणि दुरुस्त करता येण्यासारखं आहे. चेन्नईत तसं नव्हतं. तिथे दुसऱ्या वर्षीही तेच रडगाणं चालू राहिलं होतं. उद्या मुंबईने चांगले खेळाडू आणून दिले आणि तरी दिवाळीनंतर संघ असाच रडत असेल, तर मी स्वतः मुलाच्या बाजूने बोलेन. आणि खेळाडू या माणसासाठी अजून धावतात का, हे बघायला हवं. 11 तारखेला धावले होते. 29 ला धावले नाहीत, हेही खरं, आणि ते मला खटकतं.

मुलाने लगेच गोव्याचं उदाहरण काढलं. जानेवारी 2020 मध्ये एफसी गोवाने सर्जियो लोबेरा यांना हंगामाचे मोजके सामने उरले असताना काढलं, संघ गुणतालिकेत वरच्या टोकाला असताना. क्लिफर्ड मिरांडा या घरच्याच माणसाने उरलेले सामने सांभाळले आणि गोव्याने साखळीतलं पहिलं स्थान मिळवलं. "बघ, काढून काही बिघडलं नाही!" मी म्हटलं, पुढचं वाच. लोबेरा पुढच्या हंगामात मुंबईला आले. त्यांच्या मागोमाग फॉल, जाहू, बुमूस, मंदार राव देसाई असे गोव्याचे खेळाडूही आले. मुंबईने त्या वर्षी साखळीतलं पहिलं स्थानही घेतलं आणि करंडकही, दोन्ही एकाच हंगामात, आणि उपांत्य फेरीत पेनल्टीवर हरवलं ते गोव्यालाच. अंतिम सामना मडगावच्या फातोर्डा मैदानात झाला. गोव्याच्या लोकांना त्या रात्री झोप लागली असेल का कोण जाणे.

इंग्लंडच्या अ‍ॅलेक्स फर्ग्युसनचं नाव प्रत्येक जण घेतो, नोव्हेंबर 1986 ला मँचेस्टर युनायटेडमध्ये आले आणि पहिला करंडक मे 1990 मध्ये, साडेतीन वर्षं थांबले म्हणून पुढचं सगळं घडलं. मला ते उदाहरण फारसं आवडत नाही. साडेतीन वर्षं थांबून काहीच न मिळालेले लोक कुणी लक्षात ठेवत नाही.

आता माझं कारण.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पाठशाळेत मुलं कमी व्हायला लागली. रविवारी सकाळी शिकवणाऱ्या ताई शांत स्वभावाच्या, गोष्टी छान सांगायच्या, पण आवाज लहान. मंडळाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, त्यांना मुलं सांभाळता येत नाहीत. हात वर करायची वेळ आली. मीही केला. आदल्याच आठवड्यात माझ्या घरच्या कार्ट्याने "मी नाही जाणार पाठशाळेला" म्हणून तमाशा केला होता, त्याचा राग माझ्या हातात होता. क्रोधाचे चार प्रकार आपण पाठ करतो, दगडावरची रेघ, जमिनीवरची, धुळीतली, पाण्यातली. माझी धुळीतलीच होती, आठवड्यात पुसली गेली. पण तोवर ताई गेल्या होत्या.

नव्या ताई आल्या. आवाज मोठा, शिस्त कडक. मुलं आणखी कमी झाली. मग एकदा मी सहज हजेरीची वही चाळली, तेव्हा दिसलं की मुलं कमी झाली ती आठवी-नववीची, आणि ज्या महिन्यापासून इथल्या क्लासवाल्यांनी रविवारी सकाळी टेस्ट ठेवायला सुरुवात केली त्याच महिन्यापासून. वही तेव्हाही कपाटातच होती. बैठकीत ती कुणी उघडली नव्हती.

आणि आता महावीर जयंती झाली की पुन्हा बैठक आहे. विषय, नव्या ताईंना बदलावं का. मला दोघींचे फोनही आले, "तू बोल, तुझं ऐकतात." मी बोलणार आहे. पाठशाळा रविवारी सकाळऐवजी शनिवारी संध्याकाळी चारला ठेवावी, म्हणजे मुलं सूर्यास्ताआधी घरी पोचून जेवतील, आणि सहा महिने ताईंना हात लावू नये. सहा महिन्यांनी वही उघडून बघू.

हे मुलाला सांगितलं तर म्हणतो, "आई, म्हणजे तू क्राटकीला पाठशाळेवर ठेवलंस." आणि हसत सुटला. कपाटावरचा फोटो अजून आहे, एक कोपरा सुटलाय तेवढा.

काल मी जुन्या ताईंना फोन केला. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्या आता वसईला मुलीकडे असतात. पहिल्यांदा मला ओळखलंच नाही, मग म्हणाल्या, "अगं, तुझा तो अंजन चोराची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा, तो काय करतो आता?"