दुसऱ्याच्या पायाचा बूट

गेल्या महिन्यात धाकटीचे मोजे धुताना टाचेच्या जागी रक्ताचा डाग दिसला. विचारलं तर म्हणाली, "काही नाही अम्मी, चालताना घासलं." दुसऱ्या दिवशी टाच उघडून दाखवायला लावली तेव्हा फोड फुटून कातडी निघालेली. घोट्याच्या आतल्या बाजूचं हाडही लालबुंद. तीन आठवडे पोरगी हे लपवत होती, कारण ते स्केट मी भिशीच्या पैशांतून घेतले होते आणि तिला ते ठाऊक होतं. "जाऊ दे ना, मी खेळतच नाही," असं तिनं म्हटलं तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

ज्यांच्या घरात हा खेळ नाही त्यांच्यासाठी थोडंसं. इनलाइन हॉकी म्हणजे चाकांच्या बुटांवरची हॉकी. चाकं एका रांगेत असतात, चेंडूऐवजी चपटी चकती असते, एका बाजूला चार खेळाडू आणि एक गोलकीपर. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बर्फावरच्या हॉकी खेळाडूंनी उन्हाळ्यातल्या सरावासाठी असे बूट वापरायला सुरुवात केली आणि तिथून हे वाढत गेलं. आमच्या देहूरोडला असं रिंगण जवळ नाही. लेक लोकलने जाते, पाठीवर बॅग, हातात काठी. डब्यातल्या बायका विचारतात, "क्रिकेट का गं?"

हे बूट जुने घेतले होते. माप बरोबर होतं, तरी पाय का कापतो ते कळेना. शेवटी भाच्यानं सांगितलं, जो स्वतः खेळतो. म्हणाला, "खाला, चांगल्या बुटाचं आतलं अस्तर आणि कवच उष्णतेनं मऊ होतं आणि घालणाऱ्याच्या पायाचा आकार घेतं. हा बूट आधीच्या मुलीच्या पायाचा झालाय." म्हणजे माझी लेक रोज दुसऱ्याच्या पायात पाय घालत होती!

उपाय घरीच होतो, पण सगळ्याच बुटांना नाही. बनवणाऱ्यानं तो गरम करून बसवता येतो असं सांगितलेलं असेल तरच. लहान मुलांचे प्लास्टिकचे, लांबी कमी-जास्त करता येणारे स्केट यात येत नाहीत. आणि उष्णतेनं फक्त आकार बदलतो, लांबी वाढत नाही. इथे आपण आया चुकतो. ईदचे चप्पल घेताना "पुढच्या वर्षीही चालतील" म्हणून दोन नंबर मोठे घेतो ना, तसे स्केट घेतले तर टाच आत वरखाली होते आणि फोड ठरलेलाच. उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलकासा टेकावा, गुडघे वाकवले की तो मागे सरावा आणि टाच जागची हलू नये.

मी आधी घाई केली. हेअर ड्रायर घेतला आणि घोट्यापाशी एकाच जागी धरून बसले. बाहेरचा थर सुरकुतला. तो डाग आता कायमचा.

मग ओव्हनचा विषय निघाला आणि नणंदबाई कडाडल्या, "ज्यात नानखटाई भाजतो त्यात बूट?" त्यांचं बरोबरच होतं. माझ्या ऑर्डरी त्याच ओव्हनवर चालतात, आणि गरम झालेल्या प्लास्टिक-गोंदाचा वास खाण्याच्या ओव्हनमध्ये कशाला? टायमर गेला म्हणून माळ्यावर टाकलेला जुना ओटीजी खाली काढला. मायक्रोवेव्ह तर मुळीच चालत नाही, बुटाला धातूच्या कड्या असतात. बेकरीची भट्टी आणि मिठावर तापवलेला कुकर यांची आच फार.

लागते ती साधारण ८० अंश, आणि आमच्या ओटीजीचं बटण सुरूच होतं १०० पासून. म्हणून आत ओव्हनचा थर्मामीटर ठेवला, तापवून बंद केला आणि काटा ८० वर उतरेपर्यंत थांबलो. तोवर भाच्यानं ॲलन कीनं चाकं काढली, नाड्या सैल केल्या. बूट मधल्या जाळीवर, सळईला किंवा भिंतीला न टेकवता, एका वेळी एकच. चार मिनिटांनी काढून घोट्यापाशी अंगठ्यानं दाबून पाहिलं, थोडा मऊ लागला. गोंदाचा उग्र वास आला तर लगेच बाहेर काढायचा, नाहीतर तळ सुटतो.

लेकीला पातळ मोजा, आणि दुखऱ्या हाडावर मोज्याच्या आतून जुन्या चपलेच्या फोमचा छोटा तुकडा चिकटवला, म्हणजे तिथे खोलगट जागा होते. हे भाच्याचंच डोकं. पाय घालून टाच मागे टेकवायची, खालून वर नाड्या आवळायच्या. ओढ बाजूला द्यायची, वर नाही, कारण मऊ बुटातून कड्या उपटून येतात. मग खुर्चीवर गुडघा काटकोनात ठेवून पंधरा मिनिटं बसायचं, उभं राहायचं नाही. ही पंधरा मिनिटं सगळ्यात अवघड, पोरीला दोनदा पाणी हवं होतं आणि दोनदा मोबाइल! नंतर नाड्या पूर्ण सोडून पाय हळूच काढला आणि बूट दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच ठेवले.

असं वारंवार करू नये, दर वेळी गोंद थोडा कमजोर होतो. फोड भरेपर्यंत आम्ही रिंगणही बंद ठेवलं. पाय बधिर होत असेल किंवा हाड दुखतच राहिलं तर ओव्हन नाही, डॉक्टर.

दहा दिवसांनी ती परत खेळायला गेली. संध्याकाळी लोकलमधून उतरल्यावर स्टेशनवरच मी तिला बाकावर बसवलं आणि मोजा काढायला लावला. टाच कोरडी होती. डाव्या करंगळीजवळ अजून जरा लाल दिसतं. "अम्मी, लोक बघतायत," म्हणत तिनं मोजा ओढून घेतला.